मागच्या दाराची कडी

ज्या साली दिगंबरच्या धाकट्याचं जावळ काढलं, त्याच साली वैशाखात दिगंबरच्या आईचं, तानुबाईचं, कराडचं घर विकायला निघालं. घर बसकं, कौलारू. पुढं ओटा, मागं परसू. परसात न्हाणीघर आणि शेवग्याचं झाड. लग्न होऊन आली तेव्हापासून तानुबाई याच घरात.

मुलगी दाखवायची असावी तसं सध्या घराचं चाललंय. भिंतींच्या भेगा बुजल्या, दोन्ही खोल्यांना रंग झाला, फुटकी कौलं बदलली. सगळं सामान सैपाकघरात मधोमध रचून ठेवलंय. भिंतीवरचा यजमानांचा फोटो दिगंबरनं हार काढून गुंडाळला आणि काच फुटू नये म्हणून गाद्यांच्या घडीत पालथा सारला. आता फक्त चहापोहे राहिलेत, असं शेजारची शालन म्हणाली. ते आज संध्याकाळी आहेत. गावातलेच एक मास्तर आणि त्यांची बायको घर बघायला यायचे आहेत.

दोनच गोष्टी अडून बसल्यात. एक मागचं दार आणि दुसरी तानुबाई.

मागचं दार यजमान गेल्यापासून उघडलेलंच नाही. चौकट खचलीय, फळ्या फुगल्यात, कडी आपल्या जागी घट्ट रुतून बसलीय. दिगंबरनं ओढून बघितलं, रंगाऱ्यानं ओढून बघितलं. परसात जायचं तर तानुबाई बाजूच्या बोळातून वळसा घालून जाते. मागच्या पावसाळ्यात त्याच बोळात शेवाळावरून पाय घसरला आणि गुडघा गेला. तेव्हापासून पुण्याला राहणाऱ्या दिगंबरनं टुमणं लावलं, की आई, आता एकटी राहायचं नाही.

तिला ते पटत नाही असं नाही. पण घर तिच्या नावावर आहे, आणि होकार काही तिच्या तोंडातून निघत नाही.

आज सकाळी दिगंबरनं शेवटचं विचारलं. "आई, मास्तर विचारतील. काय सांगू?"

"तू शब्द दिलायस," ती म्हणाली.

"कुणाला?"

"कावळ्याला."

दिगंबरलाही ते आठवत होतंच. यजमानांच्या दहाव्याला घाटावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. झाडावर बसून होता, खाली काही येईना. कुणी म्हणालं, म्हण, आईला सांभाळीन. दिगंबर म्हणाला. कुणी बशीतून चहा ठेवला, कुणी तंबाखूची पुडी ठेवली. शेवटी यजमानांची थोरली बहीण, बायजाक्का, म्हणाली, "माझ्या भावाचा जीव घरात अडकलाय. म्हण, घर विकणार न्हाई." दिगंबरनं हात जोडून तेही म्हटलं, आणि कावळा झेप घेऊन आला, पिंडाला चोच मारून गेला. सगळ्यांनी डोळे पुसले.

"आई, कावळ्याला दिलेल्या शब्दाला साठेखतात जागा नसते," दिगंबर म्हणाला. पण म्हणताना त्यानं तिच्याकडं बघितलं नाही. "मी सुतार घेऊन येतो. दार फोडूनच काढू. बंद दार बघितलं की माणसाला वाटतं, आत काय दडवलंय." आणि तो उन्हातच बाहेर पडला.

आता भर दुपार आहे. तानुबाई गाद्यांच्या ढिगाशेजारी वाकळ टाकून आडवी होते. रंगाचा वास नाकात बसलाय. रिकाम्या भिंतीवर फोटोच्या जागेचा चौकोन नव्या रंगाखालूनही तिला दिसतो. कौलांच्या फटीतून आलेला उन्हाचा कवडसा जमिनीवरून सरकतो, तिच्या पायापाशी येतो. पापणी जड होते. बाहेर भंगारवाला ओरडत जातो, त्याचा आवाज लांब जाता जाता पाण्यासारखा पातळ होतो.

टक टक. टक टक.

हा आवाज तिच्या ओळखीचा आहे. तिकिटाचा चिमटा रिकामाच वाजवायची सवय होती यजमानांना.

"पुढं सरका. पुढं सगळी गाडी मोकळी हाय."

ती डोळे उघडते. गाद्यांच्या ढिगावर श्रीपती बसलेत. खाकी सदरा, गळ्यात चामड्याची पिशवी, कानावर पेन्सिल.

"अवं, तुमी?"

"मी न्हाई तर कोण? मला पालथं कशापायी घातलंय? नाकात कापूस गेला सगळा. एकदा घातला हुता तेवढा पुरं न्हाई का?"

तिला हसू येतं. एवढ्या दिवसांनी आलेत, आणि आल्या आल्या कुरकुर.

"दिगूनं ठेवलं. काच फुटंल म्हणून."

"त्येला काचंची काळजी. बापाच्या नाकाची न्हाई."

सैपाकघर हळूहळू हलायला लागलंय. डबे, पातेली, रचलेलं सगळं सामान एका लयीत खुळखुळतंय. भिंतीला खिडक्या आहेत, आणि खिडक्यांतून उसाचे फड मागं पळतात. तानुबाई मांडीवर देव घेऊन बसलीय, देव्हाऱ्यातले, फडक्यात बांधलेले. श्रीपती दांडीला धरून तिच्यापुढं उभे राहतात, पेन्सिल काढतात.

"कुठलं देऊ?"

"घरचं द्या."

"कुठल्या घरचं? इथलं का दिगूकडचं?"

ती देवांची गाठ सोडते, परत बांधते. "तुमीच सांगा. तुमचा जीव घरात हाय म्हणं. कावळ्यानं सांगितलं."

"कावळ्यानं?" श्रीपती तिच्याकडं बघतच राहतात. मग खाली वाकून खिडकीबाहेर बोट दाखवतात. "तिकडं बघ."

खिडकीबाहेर नदीचा घाट आहे. ऊन रणरणतंय. घाटावर माणसं बसलीत आणि त्या माणसांत ती स्वतःही बसलीय, डोक्यावरून पदर घेऊन. दिगंबरचा नुकताच केलेला गोटा उन्हात चमकतोय. त्याच्यावर सावली धरून बायजाक्का उभी आहे, हातात भलीमोठी काळी छत्री.

"काय दिसलं?"

"आक्का दिसल्या."

"आक्काच्या हातात काय हाय?"

"छत्री."

"मग? कावळा काय आंधळा हाय? एवढं काळं धूड पिंडाच्या डोस्क्यावर नाचतंय, आनी त्येनं खाली यायचं? ती छत्री वारा आला की फडफडायची. त्येचा जीव कुठं अडकला हुता तर त्या झाडाच्या फांदीत."

घाटावर दिगंबर हात जोडतो. त्याचे ओठ हलतात. बायजाक्का छत्री मिटते, काखेत धरते आणि पदरानं डोळे पुसायला लागते. छत्री मिटल्याबरोबर कावळा येतो.

तानुबाई बघत राहते. हे सगळं तिनं तेव्हाही बघितलं होतं. छत्री मिटलेलीही बघितली होती.

"म्हंजी तुमी घरासाठी थांबला नव्हता?"

"अगं, मी कशाला घरासाठी थांबू? घर काय गाडी हाय, चुकायला? आक्काला माहेर पायजे हुतं. म्हातारी हाय, तिचं बी खरं हाय. तिला पुण्याला न्या चार दिस, वाट बघत बसली असंल."

गाडी आता चढ चढतेय. श्रीपतींचा आवाज चढाला लागल्यासारखा हळू होतो. तानुबाईच्या मांडीवर देव नाहीत, पोहे निवडायची चाळण आहे. ती खडे काढते. काढलेला प्रत्येक खडा परत पोह्यांत पडतो.

"मग तुमच्या मनात कायच नव्हतं?" ती विचारते. "जाताना कायच न्हाई म्हणाला."

श्रीपती पिशवीतली चिल्लर उगाच हलवतात.

"हुतं की. पर कुणी इचारलंच न्हाई. समदी आपलंच सांगत हुती. चहा काय, तंबाखू काय."

"काय हुतं?"

"चल, दावतो."

दोघं सैपाकघराच्या मागच्या दारापाशी उभी आहेत. गाडी नाही, फड नाहीत. पहाटेचा अंधुक उजेड दाराच्या फटीतून आत येतोय आणि तिच्या अंगावर लग्नातलं हिरवं लुगडं आहे.

"रोज पहाटं हे दार मी उघडायचो. तू उठायच्या आधी."

"व्हय की. मी उठले की वारं आत आलेलं असायचं. बंबात पाणी तापलेलं असायचं."

"तुला वाटायचं दार आपसूक उघडतंय."

"तसंच वाटायचं."

"तर तेवढं तुला दावायचं राहिलं," श्रीपती म्हणतात. "चौकट माझ्या बाच्या येळंपासून खचल्याली हाय. नुसतं ओढून दार हलत न्हाई. पोरगं बळ लावतंय, रंगारी बळ लावतंय. बळाचं काम न्हाई ते. हितं ये. उजवा खांदा फळीला लाव."

ती खांदा लावते. फळी गार आहे.

"आता वर उचल. ढकलू नगं. झोपल्यालं पोर उचलताना कसं उचलतीस, तसं. उचललं? आता डाव्या पायानं खालून रेट. हां. आता कडी."

ती कडीला हात घालते. कडी लोण्यातून निघावी तशी निघते.

"एवढंच?"

"एवढंच. ह्याच्यापायी तू बोळातनं वळसा घालून पडलीस. मला दिसत हुतं, पर मी काय करणार." त्यांचा चेहरा पडतो. ते खाली वाकून तिच्या गुडघ्यावर हात ठेवतात. हाताला काही वजन नाही, नुसती ऊब आहे. "लई दुखतंय का?"

"आता बरं हाय," ती खोटं बोलते.

"दिगूकडं जा. तिथली दारं सरळ हाईत."

"तिथं लिफ्ट हाय. माझ्या पोटात खड्डा पडतो."

"डोळं मिटून बस. घाटात गाडी वळली की बसायचीस तशी."

जे इतके दिवस दिगंबरलाही सांगितलं नव्हतं, ते ती आता बोलून टाकते. "मी तिथं गेले, नि तुमी हितं आलासा, तर? दुसरीच माणसं दिसतील. मला कुठं हुडकाल?"

श्रीपती पेन्सिल कानावर ठेवतात. चिमटा पिशवीत टाकतात.

"अगं, उभा जन्म आडवळणाची गावं केली. पावसात, चिखलात, दिवा नसलेल्या फाट्यावर माणसं नेमकी उतरवली. दिगूचं घर तर मेन रोडला हाय."

दाराबाहेर परसू नाही, स्टँड आहे. गाडी फलाटाला लागलीय. श्रीपती उंबरा ओलांडतात, पायरीवर चढतात आणि दोरी दोनदा ओढतात.

टण टण.

तानुबाई जागी होते. तोंड कोरडं पडलंय, मान अवघडलीय. कवडसा पायापासून सरकून भिंतीवर चढलाय. ती वाकळीवरच आहे. पण खोलीत वारं आहे. रंगाचा वास कमी झालाय आणि गरम मातीचा, शेवग्याच्या पाल्याचा वास येतोय.

मागचं दार सताड उघडं आहे.

ती उठून बसते. उजवा खांदा ठणकतोय. तळहात उघडून बघते तर त्यावर तांबूस गंज लागलाय, कडीच्या आकाराचा, वळलेला. ती तो पुसत नाही.

एवढ्यात दिगंबर येतो. मागून सुतार, हातात पटाशी आणि हातोडा. दोघंही दारापाशी थबकतात.

"हे कुणी उघडलं?"

"उजव्या खांद्यानं उचलायचं," तानुबाई म्हणते, "खालून डाव्या पायानं रेटायचं, मग कडी काढायची. नुसतं ओढून काय हुतंय?"

"तुला कुणी सांगितलं?"

ती गुडघ्यावर हात ठेवून उभी राहते. "सुतारास्नी च्या दे नि लावून दे. दार फोडायचं न्हाई. मास्तरच्या बायकूला मी दावीन कसं उघडायचं ते. सकाळी तीच उघडंल, नवऱ्याच्या भरवशावर ऱ्हायची न्हाई."

दिगंबर तिच्याकडं बघत राहतो. "म्हणजे आई, मास्तरांना हो सांगू?"

"सांग. आनी गादीतनं तुझ्या बाला काढ आधी. सरळ ठेव. पुण्याला मी मांडीवर घिऊन बसंन. जाताना आक्कास्नी बी घिऊ संगं."

तिचे यजमान श्रीपती यशवंत डुबल, एस.टी.चे कंडक्टर, आदल्या साली चैत्री पुनवेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे झोपेतच वारले. मागचं दार त्या दिवशी उघडायचं राहिलं होतं.