नाकाला दोरी

माझ्या लग्नात फोटो काढायला आलेल्या माणसाचं नाव विचारायचं राहूनच गेलं. त्याची दोरी मात्र मी विसरणार नाही. तो कोटाच्या खिशातून गाठी मारलेली दोरी काढायचा, अंतर मोजायला एक टोक कॅमेऱ्याला धरायचा आणि दुसरं सरळ समोरच्याच्या नाकाला टेकवायचा.

सोलापुरातल्या आमच्या सासरच्या माजघरात भरदुपारीही कंदील लागायचा. तिथं बायकांच्या घोळक्यात आम्ही नवराबायको हळदीच्या पाण्यात अंगठी शोधत होतो. ज्याला सापडेल, त्याचं घरात राज्य!

फोटोवाला म्हणाला, "कॅमेऱ्याची काच जर्मन हाय. कंदिलाच्या उजेडात बी टिपतीय. पन लई हट्टी! एका टायमाला एकच नाक साफ येतंय."

झालं! प्रत्येकीला दोरी आपल्याच नाकाला हवी. सासूबाईंनी ती हिसकावली. "वरमाय मी हाय!" त्यानं हसत हसत अंतर मोजलं, त्या श्वास रोखून बसल्या आणि नेमकी तेव्हाच मला अंगठी सापडली. मी ओरडत पुढं, थेट त्यांच्या नाकाच्या जागी झेपावले, सासूबाई दचकून मागं सरल्या आणि त्यानं कळ दाबली.

फोटो द्यायला आला, तेव्हा तो उंबऱ्याबाहेरच पळायच्या तयारीत उभा होता. सगळं घर धुरकट, आणि मधोमध माझे बत्तीस दात स्वच्छ. नवी सून अशी हसलेली!

सासूबाईंनी तो फोटो दारासमोरच टांगला. आल्यागेल्याला सांगायच्या, "ही आमची सून. आन् तिच्यामागं धूर दिसतोय न्हवं, ती मी."