खिडकी कोणत्या अंगाची?

कापसाचं अन् किस्स्यांचं सारखंच. एक बोंड ओढावं तर चार चिकटून येतात. तलमडुगूच्या चहाच्या हॉटेलात मी चाळीस वर्षं बसून राह्यलो. धंदा म्हणाल तर लोकांची टर उडवणे. सातवी नापास माणसाला दुसरं खातं कोण देणार? त्यातलाच हा किस्सा एका विमानाचा. आदिलाबाद जिल्ह्याचे तुकडे झाले त्या वर्षीचा.

*

किसन माझा जोडीदार. सात एकर कापूस अन् डोक्यावर पांढरी टोपी. ती टोपी तो फक्त न्हाव्यापुढं काढायचा, जवायापुढं नाही की तहसीलदारापुढं नाही. त्याचा पोरगा हैदराबादेत नोकरीला. त्यानं दोन विमानाची तिकिटं पाठवली, एक बापाचं, एक माझं. विमान नागपूर ते हैदराबाद.

आता आमचं गाव या दोन्हीच्या मधात. म्हणजे दक्षिणेला जायचं म्हणून आधी उत्तरेला जा, अन् मग आपल्याच घरावरून उडत या!

मी म्हटलं, "किसन, हे तर आंघोळीसाठी चिखलात उतरणं झालं."

तो म्हणे, "तेच पाह्यजे. मले आपलं गाव वरून पाह्यचं हाय."

आतून त्याची बायको, रुक्मावैनी, बोलली, "मग मी गच्चीवर उभी राह्यते, लाल लुगडं नेसून. पंचेचाळीस वर्षांत या माणसानं मान वर करून माह्याकडं पाह्यलं नाही. आता मान खाली घालून तरी पाह्यल."

किसननं शब्द दिला. तिथून त्याची झोप गेली.

*

खिडकी उजवी घ्यावी की डावी, यावरून हॉटेलात दोन पार्ट्या पडल्या. रिटायर पटवारी दत्तोपंत निजामाच्या वेळचा नकाशा घेऊन आले. हॉटेलापुढं बाज टाकली, तोंड हैदराबादकडं. किसन तिच्यावर मांडी घालून बसला.

पंतांनी नकाशावर नागपूर-हैदराबाद रेघ ओढली. "रेघेवरून गाव कोणत्या हाताला?"

"जेवायच्या."

"मग उजवी खिडकी. फाइल बंद."

आठ दिवस येणारा-जाणारा त्या बाजेवर बसून खात्री करून जायचा. एक ट्रकवाला थांबला. मी सांगितलं, हे विमान हाय. तो निमूट मागच्या कडेला बसला अन् म्हणे, "ब्रेक किधर है?"

*

किसनचे व्याही भैंशाचे. भैंसा नवीन निर्मल जिल्ह्यात गेलं, म्हणून ते तोंड पाडून बसलेले. मी फोनवर म्हटलं, "काळजी काऊन करता? सरकारनं जिल्ह्याच्या हद्दीवर चुना टाकला. वरून साफ दिसते."

संध्याकाळी त्यांचा किसनला फोन. "पाहुणे, जाता जाता पाह्यजा. रेघ माह्या विहिरीच्या कोणत्या अंगानं गेली?"

किसननं ते वहीत लिहून घेतलं. वहीत आधीच एक ओळ होती : 'लाल लुगडं. उजवी.'

*

विमानात चढलो तर किसननं तीन रांगा मागूनच खिडकीवर दस्ती फेकली. बसमधे खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची सवय. दस्ती पडली एका मॅडमच्या डोक्यावर.

मी म्हटलं, "अबे, जागेचा नंबर तिकिटावर हाय."

"नंबर बसमधेबी असते. बसते कोण?"

*

बसलो. उजवी खिडकी, खिडकीशी किसन, मधात मी. अन् विमान चाललं ते मागं! त्याला आधी मागं ढकलतात, हे आम्हाला कोणी सांगितलं होतं?

किसन पांढराफटक. "हे तर पाठ करून चाललं. म्हणजे आता आपलं गाव डाव्या हाताला!"

मी काही बोलायच्या आत तो उठला अन् डाव्या खिडकीच्या माणसाला हात जोडले, "भाऊ, तुमी तिकडं जा. माही बायको इकडं उभी हाय." त्या माणसानं घाबरून जागा दिली. किसननं पट्टा आवळला. विमान थांबलं अन् पुढं पळालं.

अर्ध्या तासानं विमान हादरायला लागलं. कोणी उठू नका, अशी ताकीद आली. माझ्या शेजारी आलेला तो भाऊ उजव्या खिडकीतून पाहून म्हणे, "नीचे सब सफेद है." कापूस की ढग, माझ्या मोतीबिंदूला काय कळणार?

मी ओरडलो, "किसन, गाव आलं! इकडं!"

किसन तिकडं बांधलेला. त्याच्या खिडकीत आसिफाबादकडचं जंगल अन् डोळ्यावर ऊन. त्यानं माझ्याकडं एकदा पाह्यलं. मग हळूच टोपी काढली अन् त्या जंगलालाच हात हलवला.

मी पोट धरून हसलो.

*

हैदराबादेत चार दिवस वैनीचा फोन आला की किसन तो पोराच्या हातात द्यायचा. परतीच्या बसमधे मला म्हणे, "जन्मभर टर उडव, पण एवढं एक सांगू नको." मी नाही सांगितलं. पोराला नाही, पंतांनाही नाही, वैनीला तर नाहीच.

घरी पोचलो. वैनी दारातच होती, पाण्याचा तांब्या घेऊन.

"दिसली का मी?"

किसन चप्पल काढत म्हणे, "दिसली ना. पदर हलवून राह्यली होती."

वैनीनं तांब्या त्याच्या हातात दिला.

"अन् तुमी टोपी काऊन काढली होती हो? ऊन होतं ना तिकडं."