रुमाल बांधून निवडलेला अँप्लिफायर

डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला बातमी इतक्या हळू आवाजात सांगितली, की मलाच त्यांना धीर द्यावासा वाटला. काचबिंदू. गेलेली नजर परत येणार नव्हती आणि उरलेलीही जाणार होती. बाहेर आल्यावर मी बायकोला म्हटलं, "चल, आता केस रंगवायचा तुझा त्रास वाचला." एरवी माझ्या विनोदांवर ती निदान नाक तरी मुरडते. त्या दिवशी तेही नाही.

गाडी चालवणं सुटलं, पाठोपाठ वाचन गेलं. उरला माझा व्हॉल्व्हचा अँप्लिफायर, काचेच्या नळ्या लालसर पेटल्यावर गाणारा. मोठा नखरेल प्राणी. व्हॉल्व्ह बदलला की मीटरच्या काट्याकडे बघत बारीक स्क्रू फिरवून त्याची मर्जी सांभाळायची. काटाच दिसला नाही तर कसली मर्जी? रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत व्हॉल्व्हच्या पिना गंजतात, म्हणजे हे काम वरचेवर. तो विकून मला असा हवा होता, जो मी कुणालाही हाक न मारता सांभाळीन. बाकी सगळ्यासाठी हाका माराव्या लागणारच होत्या.

गुहागरचे एक निवृत्त मास्तर मुलाकडे कायमचे निघाले होते. त्यांच्याकडे असे दोन अँप्लिफायर विकायला होते, एक भारदस्त, एक बुटका. मी बायकोचा रुमाल घेतला आणि डोळ्यांवर करकचून बांधला.

"हे काय हो? आंधळी कोशिंबीर?" मास्तर म्हणाले.

"रंगीत तालीम. प्रयोग पुढे लागणार आहे."

मग मी भारदस्ताचा एक लहान व्हॉल्व्ह उपटला आणि परत बसवायला गेलो. सुईसारख्या पिना, त्यातली एक माझ्या बोटाखाली वाकली. मास्तरांचा श्वास अडकलेला मला स्वच्छ ऐकू आला. बुटक्याचे व्हॉल्व्ह मात्र जाड बुडाचे. बुडाच्या मधोमध एक खुंटी, खुंटीला उंचवटा. फिरवत राहायचं, की खाचेत आपोआप उतरतो, कुलपात किल्ली जावी तसा. बदलल्यावर जुळवाजुळव काही नाही.

"पण ह्याचा आवाज लहान आहे हो," मास्तर म्हणाले.

"मी आंधळा होतोय मास्तर, बहिरा नाही."

बायको म्हणाली, "पुरे आता. घ्या तो आणि रुमाल द्या माझा."

जादा व्हॉल्व्हही घेतले. पावसाळ्याआधी आमच्याकडे आगोटीची भरणी होते. मिरच्या, पापड, सुकी मासळी, सगळं हवाबंद डब्यांत. बायकोने त्यातच माझे व्हॉल्व्ह भरून टाकले. ओल लागायला नको, एवढीच तिची काळजी. कुठल्या डब्यात, ते मी विचारलं नाही.

गणपती गेले आणि उजेडही गेला. मग एका दुपारी उजवा स्पीकर गप्प झाला. मी हाताची पालथी बाजू व्हॉल्व्हजवळ नेली. डावा ऊन, उजवा गार. बटण बंद केलं, प्लग काढला, सगळं निवू दिलं.

"सांगू का कुठे बसवायचा ते?" बायकोने विचारलं.

"बस तू. फक्त नवा आणून दे."

तिने डबा उघडल्याचा आवाज आला. मी जुना उपटला, नव्याची खुंटी चाचपली, फिरवली. उतरली. प्लग लावला, बटण दाबलं. थोड्या वेळाने उजवीकडून आधी तंबोरा आला आणि त्याच्यामागून, खरपूस भाजल्यासारखा, सोड्यांचा दरवळ. माझे व्हॉल्व्ह सुक्या कोळंबीत मुरले होते.

मी हात जवळ नेला. ऊन.

"पेटलाय," बायको म्हणाली.

"विचारलं नव्हतं."

जरा वेळाने तिने नाक ओढल्याचा आवाज आला, मग पुन्हा. सोड्यांच्या वासाने असेल. मी आवाजाचं बटण चाचपलं आणि तिच्यासाठी गाणं थोडं मोठं केलं.