मामांच्या माळ्यावरचं लोणी

आमच्या हिच्या मामांइतकं उन्हाशी खासगी वैर धरणारा माणूस सगळ्या दिल्लीत दुसरा नसेल. मला हे नीट कळलं तेव्हा माझा उजवा पाय त्यांच्या स्वयंपाकघराच्या छतातून खाली लोंबत होता. "तुळईवर पाय ठेवा, जावईबापू, मधे नुसतं पीओपी आहे," असं ते तीनदा म्हणाले होते. मी बहुधा चौथ्यांदाची वाट पाहत होतो. खालून बायकोचा आवाज आला, "मामा, यांचा पाय इथे आलाय. बाकीचे वर आहेत ना?"

मामी गेल्यापासून मामा हिंदूराव हॉस्पिटलजवळच्या त्या जुन्या घरात एकटेच. सरोजिनी नगरच्या बाजारात गेले तर दुकान माल बघून नव्हे, सावली बघून निवडायचे. आमच्याकडे गाझियाबादला आले की पाणी प्यायच्या आधी पश्चिमेचे पडदे ओढायचे. वरच्या माळ्याची त्यांनी खोली करून घेतली होती, पण पत्र्याखाली ती भट्टीसारखी तापे. एका उन्हाळ्यात त्यांचा बंगळुरूला राहणारा मुलगा म्हणाला, "बाबा, वर मुलं भाजून निघतात यार. खोली गार होईल तेव्हा येऊ." तो सहज बोलला. मामांनी ते सरकारी आदेशासारखं घेतलं.

मग सुरू झालं. पत्र्याखाली चकचकीत फॉइल, त्याखाली ग्लासवूल, म्हणजे उष्णता अडवणारी काचेच्या तंतूंची गादी. खोलीच्या दोन्ही अंगांना, छप्पर उतरतं तिथे, माणूस धड बसूही शकत नाही अशा सांदी होत्या. सत्तरी उलटलेले मामा तुळयांवरून रांगत जाऊन तिथेही ग्लासवूल बसवायचे. मदतीला मी अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून गेलो आणि तीन दिवस खाजवत बसलो. माझा पाय खाली गेला तोही खोलीतून नव्हे, अशाच एका सांदीतून. थर्मामीटरवर त्यांचा विश्वास नव्हता. भर दुपारी माळ्यावर वाटीत लोण्याचा गोळा ठेवायचा आणि चार वाजता उतरवायचा, ही त्यांची परीक्षा. पहिल्या वर्षी तूप व्हायचंच काय ते बाकी राहायचं.

माझ्या पायाची गोष्ट मात्र मी वर्षभर ऑफिसात, लग्नांत, गणपतीत सांगत होतो. दरवेळी भोक थोडं मोठं व्हायचं. यंदा मे महिन्यात मामांच्या मुलानं मलाच फोन केला, "वर राहण्यासारखं झालंय ना?" मी आधी गोष्टच सांगितली. तो खूप हसला. मी इतका खूश झालो की लोण्याचं सांगायचं राहूनच गेलं.

जूनमध्ये ती मंडळी आली आणि हॉटेलात उतरली. मामांकडे दोन तास जेवायला. नातू जिन्याकडे धावला तसा मुलगा ओरडला, "वर नाही हां! काकांचा पाय आरपार गेला होता तिथून!" सगळे हसले. मामाही हसले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "छान सांगता हो तुम्ही."

टॅक्सी गेल्यावर ते वर चढले आणि वाटी घेऊन खाली आले. गोळा जसाच्या तसा होता, त्यावर त्यांच्या बोटांचे ठसेसुद्धा. "घेऊन जा," ते हिला म्हणाले, "इथे कोण खाणार?"

घरी येईपर्यंत तिनं वाटी मांडीवर धरून ठेवली होती. दाराशी आल्यावर म्हणाली, "मामांनी ते भोक दोन दिवसांत बुजवलं होतं. तुम्ही वर्षभर उघडं ठेवलंत."