तिसरा काढा!

"पायाकडे बघू नका, रस्ता बघा!" एस.टी.चे इन्स्पेक्टर साहेब कानाशी ओरडले, आणि मी पुन्हा पायाकडेच पाहिलं.

मलकापूर-बुलढाणा बस, समोर राजूरचा घाट आणि माझी ट्रायल. पास झालो तर कायम ड्रायव्हर, नाहीतर परत कापसाच्या जिनिंगच्या ट्रकवर. लग्न ठरलं होतं. मुलीच्या वडिलांनी माझ्याकडे नाही, नोकरीकडे बघून होकार दिला होता.

त्या गाड्यांना डबल क्लच लागायचा. क्लच दाबून गिअर बाहेर काढायचा, क्लच सोडून थोडी रेस द्यायची, पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर टाकायचा. सांगायला वेळ लागतो, करायला नाही. ट्रकवर मी हे गाणं म्हणत करायचो. पण महाराष्ट्र राज्य नवंनवं झालेलं, पुण्याकडचे साहेब आमच्याकडे येऊ लागलेले, आणि या साहेबांचा आवाज इंजिनापेक्षा मोठा. "क्लच अर्धवट!" "रेस जास्त!" दर वेळी गिअर खरखरायचा. शेवटी मी स्वतःहून काही करणंच सोडलं. ते सांगतील तेवढंच करायचं.

घाटाच्या मधल्या वळणावर गाडीचा दम गेला.

"तिसरा काढा!" साहेब म्हणाले.

मी तिसरा काढला आणि पुढच्या हुकमाची वाट बघत बसलो.

गाडी न्यूट्रलमध्ये. क्षणभर थांबली, मग मागे सरकू लागली. मागे दरी. बाया किंचाळल्या. साहेबांनी हुकूम सोडून समोरचा दांडा धरला. मला ब्रेक कुठल्या पायाशी असतो तेच आठवेना.

ठण्!

कंडक्टर बाबारावनं घंटीची दोरी ओढली होती. एक घंटी म्हणजे थांब. डोक्याला न विचारता माझा पाय ब्रेकवर गेला. गाडी थांबली.

"काऊन बे, झोपला का?" बाबाराव मागून ओरडला. "हँडब्रेक ओढ! पयला टाक न् चाल. साहेब, तुमी इकडं मांगं या, हवा चांगली लागते."

साहेब उठून मागे गेले. दोन घंट्या झाल्या. मी घाट चढलो. गिअर एकदाही खरखरला नाही.

बुलढाण्याच्या स्टँडवर साहेबांनी मला बाजूला घेतलं. आता गेली नोकरी, असंच वाटलं.

"तिसरा काढल्यावर दुसरा का नाही टाकलात?"

"तुमी म्हटलं नाई ना साहेब."

त्यांनी टोपी काढून कपाळ पुसलं.

"उद्यापासून ड्यूटीवर या," ते म्हणाले. "शेजारी मी नसेन."

पुढे कित्येक नवे ड्रायव्हर माझ्या शेजारी शिकले. घाटात मी तोंड उघडत नसे. शिव्या द्यायच्या त्या सगळ्या वर पोचल्यावर, गाडी उभी करून.