कोयत्याला गेलेल्यांची कुत्री

शेवंतामावशीच्या घरात कुणालाही एकदम शिरता येत नसे. आधी रस्त्याकडचं पत्र्याचं दार. ते उघडून आत गेलं की समोर दुसरं, जाळीचं दार, आणि मध्ये जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढी जागा. तिथं उभं राहून मागचं दार लावायचं. मग आतून मावशीचा आवाज येई, "लावलं का? वढून बग." आपण ओढून बघितलं की मगच पुढचं दार उघडे. सरपंच असो, मतं मागायला आलेला पुढारी असो की तिचा स्वतःचा जावई असो, ह्या बाबतीत कुणालाच सूट नव्हती. मी नवी सून म्हणून पुरणपोळ्यांचं ताट घेऊन पहिल्यांदा तिच्याकडे गेले आणि त्या दोन दारांच्या मध्ये अडकले. जाळीपलीकडून तीन दांडगी कुत्री माझ्याकडे बघत होती. माझ्याकडे नाही, ताटाकडे, असं मावशीनं नंतर सांगितलं. पण त्यानं माझी भीती काही गेली नाही. कुत्र्यांची भीती मला आजही वाटते, आणि मावशीनं ती घालवायचा कधी प्रयत्नही केला नाही. "भे की," ती म्हणायची, "भेणारं माणूस दार नीट लावतंय."

आमचा आखाडा, म्हणजे शेतातलं राहतं घर, पालमच्या रस्त्याला आहे. मावशीचं पत्र्याचं घर आमच्या बांधाला लागून. नवरा वारलेला, एकुलती लेक मानवतला दिलेली. तिला अहो-जाहो केलेलं चालत नसे. "म्हातारी झाल्यागत वाटतंय," म्हणायची, म्हणून मी पहिल्याच आठवड्यात अगं-तुगंवर आले.

दिवाळी झाली की आमच्याकडची कितीतरी घरं कुलपं लावून ऊसतोडीला जातात. कोयत्याला जाणं म्हणतात त्याला. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चूल, भांडी, गोधड्या, कोंबड्या आणि लेकरं चढतात. एखादं लहानसं कुत्रंही गोधड्यांच्या आड खपून जातं. पण वासराएवढ्या कुत्र्याला टोळीचा मुकादम चढू देत नाही. मग अशी कुत्री मावशीकडे येत. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपून माणसं परत येईपर्यंत, ती मावशीची. हे काम तिला कुणी दिलं नव्हतं. तिनंच ते अंगावर ओढून घेतलं होतं आणि वर वर्षभर त्याबद्दल कुरकुरतही असे.

दांडग्या कुत्र्याला कुंपणात ठेवणं किती अवघड असतं, हे मी तिच्याकडे बघून शिकले. माणूस गेला त्या वाटेनं जायचं, एवढी एकच गोष्ट त्याच्या डोक्यात असते. बाभळीच्या काट्या लावल्या तर ते तोंडानं ओढून बाजूला टाकतं. जाळी लावली तर खालून उकरतं. म्हणून मावशीनं जाळीच्या बुडाशी शहाबादी फरशा उभ्या पुरल्या होत्या. कुंपणालगत काही ठेवायचं नाही, हा दुसरा नियम. एकदा तिनं कापसाच्या पऱ्हाट्यांचा ढीग जाळीजवळ रचला होता, तर एका कुत्र्यानं त्याचा जिना करून पलीकडे उडी मारली; नशिबानं ते शेजारच्या रानातच सापडलं. रस्त्याच्या बाजूला तिनं जुनी लुगडी बांधली होती, ट्रॅक्टर दिसू नये म्हणून. आणि रोज सकाळी ती प्रत्येक कुत्र्याला दोरी लावून कुंपणाच्या आतल्या कडेनं एक फेरी मारून आणायची, अगदी नव्या सुनेला घर दाखवावं तसं. पण बांधून मात्र कुणालाच ठेवत नसे. "बांधलेल्या जित्राबाला दुसरं कामच न्हाई. ते दिसभर पळायचाच इचार करतंय," ती म्हणायची.

एका वर्षी दिवाळीनंतर उत्तमनं आपल्या कुत्र्याला, सरदारला आणलं. उत्तम पलीकडच्या वस्तीवरचा, नवराबायको दोघंही कोयत्याला जाणारी. त्यानं एका धनगराकडून पिल्लू आणलं होतं. ते वाढून एवढं झालं, की बसलं तरी माझ्या कमरेला लागे. निघताना उत्तम म्हणाला, "मावशी, ह्यो लय जिद्दी हाय. जमंल का?"

"तू परत ये, कुत्रं परत घे. माझी जबान हाय," मावशी म्हणाली. तिच्याकडून तोवर एकही कुत्रं हरवलं नव्हतं, आणि ह्याचा तिला गर्व होता. गर्व हा माझा शब्द. ती त्याला इमान म्हणे.

सरदारनं पहिल्याच दिवशी नाकानं कडी सरकवली. मावशीनं कडीत खिळा घातला. मग तो माणसासारखा जाळीत पंजे रोवून वर चढला. मावशीनं गावातून वेल्डिंगवाला बोलावला आणि जाळीचा वरचा भाग आतल्या बाजूला वाकवून घेतला. सरदार वर चढायचा, वाकलेल्या जाळीला डोकं टेकायचा आणि धपकन खाली यायचा. "पड," मावशी भाकरी थापता थापता म्हणायची, "पड अजून. मी बी इथंच हाय, तू बी इथंच." मला हसू यायचं, पण सरदार खात नव्हता, आणि मावशीची झोप उडाली होती.

शेवटी तिलाच एक कल्पना सुचली. उत्तमचा फोन माझ्या मोबाईलवर येत असे. ती म्हणाली, "त्याला मालकाचा आवाज ऐकीव. आवाज ऐकून दोन घास तर खाईल." मलाही ते पटलं. एका दुपारी उत्तमचा फोन आला, तशी मी जाळीच्या दाराशी उभी राहिले आणि फोनचा आवाज मोठा केला. उत्तम तिकडून ओरडला, "ए सरदार! ए माझ्या राजा!"

सरदार उभा राहिला. त्यानं फोन हुंगला, चाटला. मग फोनच्या मागं कुणी आहे का ते बघितलं. मग माझ्या मागं. मग तो कुंपणाच्या कडेनं पळत सुटला. मालक आलेला आहे, इथंच कुठंतरी बाहेर उभा आहे आणि ही बाई आपल्याला त्याच्याकडे जाऊ देत नाही, असं त्यानं ठरवून टाकलं होतं. न्हाणीचं पाणी जिथून बाहेर जायचं तिथं जाळीचा जोड जरा सैल होता. दिवेलागणीच्या आत त्यानं तो जोड दातांनी उचकटला. आम्ही गेलो तेव्हा तारेला केस आणि थोडं रक्त लागलेलं होतं.

मावशीनं त्या तारेवरून बोट फिरवलं. "माझंच चुकलं," ती म्हणाली. "आवाज द्यायचा अन् माणूस द्यायचं न्हाई, असं कुणासंगं करू नये."

मी म्हटलं, "उत्तमला इतक्यात सांगू नको. सापडला की सांगू."

"कामून? कुत्रं त्याचं हाय." तिनं माझ्याच फोनवरून त्याला सगळं सांगितलं.  मग पलीकडे फोन त्याच्या बायकोनं, कांतानं घेतला. ती एवढंच म्हणाली, "मावशी, तू जेवलीस का?" मावशीला तोवर रडू आलं नव्हतं. ते ऐकल्यावर आलं.

त्यानंतरचे चार-पाच दिवस आम्ही सगळे बेजार झालो. माझे यजमान मोटरसायकलवर गावोगाव फिरले. मावशी सकाळच्या एसटीत बसायची, प्रत्येक थांब्यावर खिडकीतून डोकं काढून विचारायची, आणि संध्याकाळी धुळीनं माखून परत यायची. मनात सगळ्यांच्या एकच गोष्ट होती, ती म्हणजे मोठा रस्ता आणि त्यावरून धावणारे ट्रक. ते तोंडानं कुणी बोललं नाही. मग एका ट्रॅक्टरवाल्यानं सांगितलं, की गंगाखेडकडच्या एका कारखान्यापुढं एक थोराड कुत्रं फिरतंय. उत्तम होता तो कारखाना हा नव्हे, तो पार दुसऱ्या जिल्ह्यात होता.

आम्ही दोघी दोरी घेऊन गेलो. कारखान्यापुढं उसानं भरलेल्या ट्रॅक्टरांची लांबच लांब रांग लागलेली होती, आणि त्या रांगेत सरदार होता. बरगड्या निघालेल्या, एक पाय लंगडत होता. तो एकेका ट्रॅक्टरपाशी जायचा, चाकं हुंगायचा, ट्रॉली हुंगायचा, ड्रायव्हरच्या तोंडाकडे बघायचा आणि पुढच्या ट्रॅक्टरकडे जायचा. त्याचं माणूस ट्रॅक्टरनं गेलं होतं, तेव्हा ते ट्रॅक्टरनंच येणार, असा त्याचा हिशोब असावा. ड्रायव्हर लोक चांगले होते. कुणी त्याला हाकललं नव्हतं, कुणी आपल्या डब्यातली भाकरी टाकत होतं.

मी घाईनं म्हटलं, "मावशी, टाक दोरी गळ्यात!"

"थांब गं," ती म्हणाली. "त्याचं हुडकून होऊ दे. अर्ध्यातून नेलं तर ते जलमभर पळतंय."

मग ती त्याच्या मागून चालायला लागली. हाक नाही, चुचकारणं नाही. तो थांबला की थांबायची. रांग बरीच मोठी होती आणि मावशीचे गुडघे काही चांगले नव्हते. मध्येच एका कडुलिंबाखाली ती टेकली, तेव्हा तिनं मला चिमीचं सांगितलं. मावशी आणि तिचा नवरा उमेदीच्या वयात कोयत्याला जात. चिमी ही त्यांची कुत्री. तिला मोकळीच घरी सोडून ही दोघं निघाली, तर चिमी ट्रॉलीच्या मागं पळत आली. "मी वरून वरडायची, जा माघारी, जा गं बाई. अन् मी जेवढी वरडायची तेवढी ती जास्ती पळायची. तिला वाटायलं, मी बोलवायलेय. मुकादम काही गाडी थांबवंना. मग ती लहान लहान दिसायला लागली." परत आल्यावर त्यांनी रस्त्यावरच्या साऱ्या गावांत विचारलं. कुणालाच काही ठाऊक नव्हतं. मावशी हे सांगत असताना तिची नजर सरदारवरून हलली नव्हती.

ऊन उतरलं तेव्हा सरदार शेवटच्या ट्रॅक्टरपर्यंत पोचला. तो हुंगून झाल्यावर रिकाम्या रस्त्याकडे बघत उभा राहिला. मग वळून मावशीपाशी आला आणि तिच्या पायांवर सगळा भार टाकून बसला. मावशीनं त्याच्या तारेनं फाटलेल्या कानावरून हात फिरवला. "बगितलंस न्हवं?" ती म्हणाली. "न्हाई ना आला? ईल. चल." दोरी माझ्या हातातच राहिली. गावाकडे जाणाऱ्या एका रिकाम्या टेम्पोत आम्ही तिघं बसून आलो, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा कुत्र्याला खेटून बसले. घाबरतच बसले.

त्यानंतर सरदार जाळीवर चढला नाही. सकाळची फेरी मारायचा, खायचा, आणि लुगड्यांच्या फटीतून रस्त्याकडे बघत बसायचा.

उन्हाळा लागता लागता पट्टा पडला. बाकीची कुत्री एकेक करून घरी गेली होती. उत्तमचा ट्रॅक्टर वळणावर आला आणि आम्हाला काही कळायच्या आत सरदारला कळलं. मावशीनं आयुष्यात प्रथमच दोन्ही दारं एकाच वेळी सताड उघडली. तो बाणासारखा सुटला. उत्तम चालत्या ट्रॉलीतून उतरला तो सरदारच्या धक्क्यानं रस्त्यातच आडवा झाला, आणि मालक आणि कुत्रं दोघंही धुळीत लोळत होती. कांता हसत होती, रडत होती. मग सगळे ट्रॉलीत चढले. ह्या वेळी मुकादमाची काय बिशाद होती! ट्रॅक्टर वस्तीकडे निघाला. सरदार कांताच्या मांडीवर अर्धा चढून पुढं बघत होता. त्यानं एकदाही मागं वळून पाहिलं नाही.

मला रागच आला. म्हटलं, "बघ तुझा सरदार! एवढं केलंस, साधी मान वळवली नाही."

मावशीचं तोंड मात्र फुललं होतं. "येडी हायस तू," ती म्हणाली. "ज्याचं माणूस पुढं हाय ते माघारी कशाला बगंल? माघारी बगत जाणारं कुत्रं लय वाईट. आपून नीट संभाळलं, म्हणून ते बिनघोर गेलं."

त्याच पावसाळ्यात मावशीला ताप आला आणि उतरेना. परभणीला दवाखान्यात न्यायला मानवतहून लेक जीप घेऊन आली. मावशी धरून धरून चालत आली आणि पुढच्या सीटवर बसली. मी खिडकीपाशी उभी राहून बडबडत होते, लवकर ये, दिवाळीला कुत्री यायचीत, मला एकटीला काही जमायचं नाही. "जमंल," ती म्हणाली. तिचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. ती समोरच्या रस्त्याकडे बघत होती, आणि तिकडून कुणीतरी येताना दिसावं तसं तिचं तोंड फुललं होतं.

जीप निघाली. मी वळणापर्यंत बघत राहिले. मावशीनं मागं वळून पाहिलं नाही. दवाखान्यातून ती परत आलीही नाही. ती गेल्याचं कळलं त्या दिवशी मी तिथंच रस्त्यात उभी राहून रडले, आणि रडता रडता मला बरंही वाटत होतं.