छतासाठी काढलेली व्हीनस

पॅरिसच्या वार्षिक प्रदर्शनात आन्सेल्म कुर्तबुआंचं चित्र बावीस वर्षं न चुकता लागत होतं, आणि बावीस वर्षं ते छतालगतच लागत होतं. डोळ्यांसमोरची रांग बड्यांची. कुर्तबुआंचा समुद्रदेव नेपच्यून वर कोळिष्टकांत, आणि दुसऱ्या कुणाची कोबी चिरणारी म्हातारी त्याच्या शेजारी. आपलं चित्र कुणीतरी नीट बघावं, एवढीच त्या भल्या माणसाची इच्छा होती.

तेविसाव्या वर्षी त्यांचं डोकं फिरलं. वरच टांगणार ना, मग खालून बघणाऱ्याच्या हिशेबानेच काढतो, असं बायकोला ठणकावून त्यांनी सौंदर्यदेवी व्हीनस रंगवली. खालून वरचं लहान दिसतं, म्हणून डोकं भोपळ्याएवढं, मान लांबलचक आणि पाय बाहुलीचे. चेहऱ्यासाठी बायको झेलीच बसली होती. चित्र पाहून तिने दोन दिवस आरशाचं तोंड पाहिलं नाही.

निवड समिती बसली ती भरपेट जेवून. मंडळी खुर्च्यांतून इतकी खाली घसरली होती की व्हीनस त्यांना अगदी प्रमाणात दिसली. खूश होऊन त्यांनी तिला थेट डोळ्यांसमोरची जागा दिली.

पहिल्याच दिवशी समोर ही गर्दी, आणि हसून हसून लोळायची बाकी. देवीला गालगुंड झालंय का, असं एका बाईने नवऱ्याला विचारलं. कुर्तबुआंनी रखवालदाराचे पाय धरले, चित्र वर लावा म्हणाले. खाली आणा म्हणणारे रोज येतात, वर न्या म्हणणारा पहिलाच भेटला, असं म्हणून तो निघून गेला.

झेलीला मात्र हे सहन होईना. तिने नव्या रेशमी झग्यासकट जमिनीवर फतकल मारली.

"अहो बाई, हसताय काय? इथे बसून बघा. इथून मी छान दिसते."

ती बाई हट्टाने बसली आणि तिचं हसू ओसरलं. मग तिचा नवरा बसला. अर्ध्या तासात तिथे पंगत बसली, आणि एक म्हातारे गृहस्थ तर चक्क डोळे पुसत होते.

"तुम्हीही बसा ना," झेली नवऱ्याला म्हणाली.

कुर्तबुआ वाकले, पण गुडघे ऐकेनात. भोपळ्याएवढं डोकं आता फक्त त्यांनाच दिसत होतं. शेवटी त्यांनी चित्राकडे पाठ फिरवली आणि ते बघणाऱ्या माणसांकडे मन भरेपर्यंत बघत राहिले. इतक्या वर्षांत आपलं चित्र बघणारी माणसं त्यांना कधी दिसलीच नव्हती.